सहाव्या बोटाची ना-हरकत

नेरूळ गावच्या कुंदनशेठला कुणी विचारलं, की तुम्ही नेमकं करता काय, तर तो छाती पुढे काढून सांगायचा, "बिल्डर हाय." हे अर्धंच खरं होतं. विटा रचणारे वेगळे, लाद्या बसवणारे वेगळे. कुंदनशेठ सह्या आणायचा. जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायची, तर आधी फ्लॅटवाल्यांची ना-हरकत लागते, मग पाण्याची, मग आगीची, मग आवारातल्या एका मरतुकड्या जांभळाची. या सगळ्या एनओसी गोड बोलून, पेढे वाटून, प्रसंगी एखाद्याच्या सासूच्या बाराव्याला पांढरा शर्ट घालून हात जोडून उभं राहून तो गोळा करायचा. त्याच्या हाताला यश आहे, असं गावात म्हटलं जायचं.

त्या यशस्वी हाताला एक गाठ होती. उजव्या करंगळीच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला, तुरीच्या दाण्याएवढी. सही करताना ती कागदावर टेकली, की थेट कोपरापर्यंत कळ जायची. म्हणून कुंदनशेठ हात अधांतरी धरून, मनगट झटकून सही करायचा. लोकांना ती शेठची स्टाईल वाटायची आणि गावातली दोन-चार पोरं तशी सही करायलाही शिकली होती. गाठ म्हणजे चामखीळ आहे, असं त्याची आई गोजरा तो लहान असल्यापासून सांगत आली होती. चुना लावून झाला, अगरबत्तीचा चटका देऊन झाला. चामखीळ काही हटली नाही.

गेल्या तीन वर्षांत दोनच माणसांनी त्याला सही नाकारली. पहिले मधुकर काका. त्यांचा जन्म सरकारी कचेरीत टिपण्या लिहिण्यात गेला होता. कुंदनच्या घरासमोरच्या जुन्या सोसायटीत ते चौदा नंबरमध्ये एकटे राहायचे. कायद्याप्रमाणे बहुमत पुरत होतं, पण काका "कोर्टात जाईन" म्हणाले, की पैसे लावणारे बिचकायचे आणि काम अडायचं. दुसरी होती कुंदनची स्वतःची लेक जाई. वय वर्षं नऊ.

जाईच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. करंगळीच्या शेजारी आणखी एक करंगळी, नखासकट, हाडासकट. ती वाकायची, सरळ व्हायची, आणि पत्ते खेळताना एक जास्तीचा पत्ता बेमालूम धरून ठेवायची. जाई तिला 'छोटी' म्हणायची. दहा नखांना गुलाबी नेलपॉलिश आणि छोटीला लाल, असा तिचा नेम होता. अकराचा पाढा बोटांवर म्हणणारी वर्गात ती एकटीच, याचा तिला कोण अभिमान!

नऊ वर्षं त्या बोटाचं कुणाला काही वाटलं नव्हतं. मग कुंदनच्या धाकट्या भावाचं, तेजसचं लग्न ठरलं. हळद म्हणजे सगळी भावकी, डीजे, ड्रोन, आणि गावच्या वेशीपासून मांडवापर्यंत बॅनर. जाई करवली. करवलीच्या हातात कऱ्हा, म्हणजे सगळे कॅमेरे हातावर. साखरपुड्याच्या दिवशी मांडवात कुणीतरी बाई दुसरीला म्हणाली, "पोरीच्या जातीला बरं नाय दिसत. उद्या स्थल बघाल तवा?" हे वाक्य कुंदनच्या कानात शिरलं आणि कुसळासारखं रुतून बसलं. पोरीवर त्याचा जीव होता. जीव असलेला बाप किती घाईने चुका करतो, हे वेगळं सांगायला नको.

त्याने बायकोला, नमिताला सांगितलं, "सुट्टीत छोटी काढून टाकू." नमिता म्हणाली, "तिला इचारलंस?" तो म्हणाला, "डॉक्टरला इचारतो."

डॉक्टर सुचिता मुलांच्या सर्जन. नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला त्यांचा दवाखाना. कुंदन समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसला आणि बोलायला लागला, पण बाई त्याच्याकडे बघेचनात. त्यांनी जाईचा हात हातात घेतला.

"हलवून दाखव. दुखतं?"

"नाय."

"कशात अडतं?"

"हातमोज्यात. पण मी हातमोजे घालतच नाय."

"तुला काय वाटतं, काढावं?"

जाईने छोटीकडे पाहिलं. छोटी वाकली, सरळ झाली. "नको," जाई म्हणाली.

बाईंनी मग कुठे बापाकडे मान वळवली. "हे बोट तिला काही त्रास देत नाही. घाई कसलीही नाही. तिला कधी काढावंसं वाटलं, तर मी आहेच. पण तिच्या सहीशिवाय मी सुरी लावणार नाही."

"मॅडम, नऊ वर्षांच्या पोरीची सही? कायद्यानं चालते?"

"कायद्याला तुमची पुरते. मला पुरत नाही."

कुंदन हसला. सही हवी होती ना? सही म्हणजे त्याचा धंदा. तो उठला आणि म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मॅडम, आठ दिवसांत आणतो." हा माणूस एनओसीच आणायला निघाला होता. मधे पोरगी आहे, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आधी पेढे झाले. जाईने खाल्ले. मग सायकल आली, गियरवाली. जाईने ती सेक्टरभर फिरवली, घंटी वाजवून वाजवून शेजाऱ्यांची डोकी उठवली, आणि सहीचं नाव काढलं, की ती अभ्यासाला बसायची. मग कुंदनने भावनिक बाजू लावली. "तेजसकाकासाठी कर ना गं बाला." जाईने विचारलं, "काका माझ्यासाठी काय काढनार?" त्यावर तेजस जो घराबाहेर पडला, तो जेवायलाच परतला.

सातव्या दिवशी कुंदनच्या टेबलावर एक लिफाफा आला. आत रेघांचा कागद, डावीकडे चांगला चार बोटं समास सोडलेला, आणि जाईचं गोल गोल अक्षर.

*प्रति, श्री. कुंदनशेठ, रा. नेरूळ गाव.*

*विषय : डाव्या हाताचे सहावे बोट काढण्यास हरकत.*

*महोदय, आमाला न विचारता सरकारने आमच्या जागा घेतल्या, असे आपण गावच्या सभेत दर वर्षी माईकवर बोलता. मी पहिल्या रांगेत बसते. सदर बोट माझ्या जागेत असून जन्मापासून ताबा माझा आहे.*

*१. बोट धोकादायक अवस्थेत नाही. डॉक्टर मॅडमना विचारावे.*

*२. काढल्यावर पसंत पडले नाही तर तेच बोट परत लावून मिळेल काय? लेखी द्यावे.*

*३. लग्न काकाचे आहे. बोट माझे आहे. संबंध कळवावा.*

*४. मी अठरा वर्षांची झाले की विचार करीन. तोवर तगादा लावू नये.*

*आपली विश्वासू, जाई.*

*ता.क. सायकल मिळाली. आभारी आहे. सायकल घेतली म्हणजे संमती दिली असे समजू नये.*

कुंदन आधी पोट धरून हसला. लेक कुणाची आहे, असं त्याने तो कागद नमिताला दाखवून दोनदा विचारलंही. मग त्याची नजर त्या समासावर गेली. असा समास सगळ्या नेरूळमध्ये एकच माणूस सोडायचा. तीन वर्षं कुंदनच्या फायलीत तसे एकवीस कागद लागले होते. तो तडक चौदा नंबरला गेला.

मधुकर काका मटार सोलत बसले होते. त्यांनी खुर्ची दाखवली.

"काका, तुमचं-माझं काय असंल ते असंल. माझ्या पोरीला भडकवता?"

"मी तिला फक्त समास सोडायला शिकवलं," काका म्हणाले. "मजकूर तिचा आहे. चौथा मुद्दा गाळ, कमजोर आहे, असं मी सांगितलं. ऐकली नाही."

"लहान हाय ती. तिला काय कलतं?"

"असेल. मला म्हणाली, काका, तुमची बिल्डिंग सगळ्यांची आहे, तरी तुम्ही एकटे नको म्हणालात तर थांबते. माझा हात तर माझ्या एकटीचा आहे, मग तो का नाही थांबत?" काकांनी मटाराची शेंग बोटाने उघडली. "चाळीस वर्षं नोकरी केली मी. मला या प्रश्नावर टिपणी लिहिता आली नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा, तिला कळवतो."

कुंदन चिडून उठला. घरी येऊन त्याने दोन-चार फोन फिरवले आणि दुसरा डॉक्टर शोधला.

हा डॉक्टर पनवेलच्या बाजूला, एका चकचकीत हॉस्पिटलमध्ये बसायचा. डॉक्टर स्वानंद. सदा हसतमुख, बुटांना आरशासारखं पॉलिश. त्याने जाईच्या हाताचा फोटो फोनवर पाहिला आणि म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम आहे, शेठ. पोरीला काय विचारायचं? पोरांना विचारून कुणी लस टोचतं का? शनिवारी सकाळी उपाशीपोटी घेऊन या." कुंदनला हा माणूस फार आवडला. लस रोगापासून वाचवते, हे बोट कशापासून वाचवणार, असा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडला नाही. नमिताला त्याने काय सांगितलं, तर मॅडमचंच अजून एक चेकअप. आणि जाईला सांगितलं, दात दाखवायला जायचंय.

जाईची एक दाढ खरोखरच हलत होती. तिने विश्वास ठेवला. कागदावर इतकी हुशार पोरगी, पण बापाच्या तोंडच्या शब्दाला तिने पुरावा मागितला नाही. गाडीत ती पुढच्या सीटवर बसून दाढ जिभेने हलवत गाणं म्हणत होती. कुंदन त्या दिवशी एकदाही तिच्याकडे वळून बघू शकला नाही.

हॉस्पिटलमध्ये सिस्टर जाईला आत घेऊन गेली. बाहेर डॉक्टर स्वानंदने कुंदनपुढे कागदांचा गठ्ठा सरकवला. "सहा ठिकाणी." टेबल उंच होतं, खुर्ची बुटकी. हात अधांतरी धरायला जागाच नव्हती. पहिली सही झाली. दुसरी झाली. तिसऱ्या सहीला गाठ कागदावर दाबली गेली आणि कुंदनच्या तोंडून "आई गं" निघालं.

"बघू," म्हणत डॉक्टर स्वानंदने त्याचा हात ओढून घेतला. गाठ अंगठ्याने दाबली. कुंदन खुर्चीतून उडाला. डॉक्टरचा चेहरा मात्र एकदम खुलला. "अरे वा! म्हणजे हे तुमच्याकडूनच आलंय तर!"

"चामखीळ हाय ती."

"चामखीळ कसली, शेठ! सहाव्या बोटाचं बुड आहे हे. लहानपणी दोरा बांधून पाडलंय कुणीतरी. अर्धवट काम. आत नसेची गाठ झालीये, म्हणून झिणझिण्या येतात. थंडीत जास्त दुखत असेल, हो ना?" तो खुशीत हात चोळायला लागला. "टेबल मोकळंच आहे. दोघांचं एकदम उरकून टाकू. आणि तुमची सही तर तुमच्याच हातात!"

आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला. कुंदन फोन घेऊन व्हरांड्यात गेला.

गोजरा ओटीवर सुकट निवडत बसली होती. फोन तिने नेहमीसारखा तोंडापासून लांब धरला. "बोल रे."

"आये, माझ्या हाताची चामखीळ. ती चामखीळ नाय ना?"

पलीकडे सूप हलायचं थांबलं.

"कोनी सांगितलं?"

"आये."

"बारा दिसांचा व्हतास," गोजरा म्हणाली. "सासू बोलली, लोकं हसतील. सुईनीला बोलावलं. तिनं घोऱ्याचा केस बांधला. चार दिस रडलास तू. अंगावर पिला नायस. मंग ते कालं परलं न गललं."

"मना कधी सांगितलं नायस?"

"काय सांगू? बोट व्हतं सांगितलं असतं तर कुठं हाय म्हनून इचारलं असतंस."

कुंदनने भिंतीला पाठ टेकली. "कुठं हाय?"

"खारीत. बांधावर पुरलं. तुझ्या बापाच्या जमिनीत." पलीकडे सूप पुन्हा हललं. "ती जमीन बी मंग घेतली सरकारनी. आता तिथं मोठा रोड हाय. मना कोनी इचारलं रे? न तेवा इचारलं, न मंग इचारलं."

दर वर्षी सभेत माईक धरून, गळ्याच्या शिरा ताणून कुंदन जे बोलायचा, ते त्याच्या आईने आज सुकटीच्या सुपासमोर बसून हळू आवाजात सांगितलं. त्याला एकदम पोरगी आठवली. चार पावलांवरचं दार त्याने ढकललं.

जाई पलंगावर बसली होती. अंगात हिरवा झगा, तो दोन जाईंना पुरला असता. सिस्टर कापसाने तिच्या नखांचं नेलपॉलिश पुसत होती. दहा नखं पांढरी फटक झाली होती. अकरावं बोट जाईने उजव्या मुठीत गच्च धरून ठेवलं होतं आणि मूठ काही उघडत नव्हती. डाव्या मनगटावर निळ्या पेनाने एक बाण काढलेला होता.

ती रडत नव्हती. तिने हात वर केला आणि बाण दाखवत विचारलं, "पप्पा, दात हितं असतो?"

कुंदनशेठने आयुष्यात नाना तऱ्हेच्या माणसांना उत्तरं दिली होती. इथे तो एवढंच म्हणाला, "नाय. चल. घरी जाऊ."

कपडे बदलून दोघं बाहेर आली, तर डॉक्टर स्वानंद कागद घेऊन मागे धावला. "अहो शेठ, निम्म्या सह्या झाल्यात! तीनच राहिल्यात!"

"चार," कुंदन म्हणाला. "पोरीची राहिलीय." कागद फाडायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्याने तो गठ्ठा घडी करून खिशात घातला.

गाडीत जाई मागच्या सीटवर बसली. खारघर गेलं, बेलापूर गेलं, तिचं गाणं काही सुरू झालं नाही. कुंदन आरशातून तिच्याकडे बघत होता आणि ती खिडकीबाहेर. उरण फाट्याला एका रसवंतीपाशी त्याने गाडी थांबवली, दोन ग्लास रस सांगितला. उपाशी पोरीने घटाघटा पिऊन टाकला, ओठ पुसले, आणि म्हणाली, "खोटं बोललास."

"हां."

"मी मधुकर काकांना सांगनार."

"सांग."

मग कुंदनने आपला उजवा हात तिच्यापुढे धरला आणि आजीने जे सांगितलं होतं, ते तिला जसंच्या तसं सांगितलं. सुईण, घोड्याचा केस, चार दिवस रडणं, बांध, रोड. जाई ऐकत गेली. तिने गाठीवर हळूच बोट ठेवलं, छोटीच.

"दुखतं?"

बेचाळीस वर्षांत या प्रश्नाला त्याने कधी खरं उत्तर दिलं नव्हतं. "दुखतं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. रसवाला दुसरीकडे बघायला लागला.

जाईने दप्तरासारखी पाठीवर घेतलेली पिशवी उघडली. आत एक फणी, एक खोडरबर आणि लाल नेलपॉलिशची बाटली. बापाचा हात मांडीवर ओढून तिने त्या गाठीवर जाडसर लाल ठिपका दिला. "नख नाय हिला, पन चालंल," ती म्हणाली. "आता लेखी दे."

"काय?"

"परत असं नाय करनार, म्हनून. तोंडी नको. तोंडी तू काय पन बोलतोस."

कुंदनने खिशातला गठ्ठा काढला. वरच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. बॉनेटवर कागद ठेवून तो लिहायला वाकला. "समास सोड," जाई म्हणाली. त्याने समास सोडला. मग लिहिलं, की जाईच्या अंगाचं काहीही, जाईला खरं सांगितल्याबिगर आणि विचारल्याबिगर, कोणी करणार नाही. बापसुद्धा नाही. ती आजारी पडली तर डॉक्टरकडे नेईन, पण कुठे आणि कशाला नेतोय ते आधी सांगेन. हे शेवटचं वाक्य त्याने स्वतःहून घातलं. जाईने वाचून मान डोलावली.

सही करताना त्याचा हात सवयीने वर उचलला गेला. मग त्याने तो खाली ठेवला. सगळा, गाठीसकट. कळ कोपरापर्यंत गेली, त्याने जाऊ दिली, आणि पूर्ण नाव लिहिलं.

हात उचलल्यावर सहीच्या बाजूला ओल्या नेलपॉलिशचा लाल गोल ठिपका उमटला होता.

जाईने कागद उन्हाकडे धरून नीट पाहिला. "शिक्का पन पडला," ती म्हणाली. "आता बरोबर हाय." ठिपका वाळावा म्हणून तिने फुंकर मारली, आधी कागदावर आणि मग त्याच्या हातावर.